व्हायरस सापडल्याची खोटी ओरड आणि तुमचं बीपी

समजा, रात्री जेवणं आटोपल्यावर तुम्ही कॉम्प्युटरवर गुडघेदुखीचे व्यायाम शोधत बसला आहात. एका ठिकाणी क्लिक करता आणि अचानक सगळी स्क्रीन लाल होते. कर्कश भोंगा वाजू लागतो. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ धोकादायक व्हायरस सापडले आहेत. बँकेची माहिती चोरली जात आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा." खिडकी बंद करायला जावं तर ती बंद होत नाही.

या क्षणी तुमच्या शरीरात काय होतं, हे मी नक्की सांगू शकतो. ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, तोंड कोरडं पडतं, हाताला घाम येतो. मेंदू फक्त समोरच्या संकटाकडे बघतो, बाकीचं काही त्याला सुचत नाही. समोर वाघ असेल तर हे उपयोगाचं आहे, कारण तेव्हा विचार करत बसायचं नसतं, पळायचं असतं. पण समोर फोन नंबर असेल तर हीच प्रतिक्रिया आपल्याला खड्ड्यात घालते. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: तुम्ही घाबरावं आणि पाच मिनिटं विचार करू नये.

आरोग्याच्या लेखात कॉम्प्युटर कुठून आला, असं तुम्ही विचाराल. तो दवाखान्यातूनच आला.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक वर्षानुवर्षं येतात. वय सत्तरीच्या पुढे. रोजच्या एका गोळीवर बीपी १३०/८० च्या आसपास, अगदी शिस्तीत. मध्यंतरी सलग दोन वेळा ते १७०/१०० भरलं. गोळी चुकली नव्हती, मीठ वाढलं नव्हतं, सर्दीखोकल्याचं दुसरं औषधही चालू नव्हतं. झोप मात्र तीन आठवडे लागत नव्हती. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर दाराकडे बघत हळूच म्हणाले, "डॉक्टर, मुलाला सांगू नका."

त्यांना असाच एक पॉपअप आला होता. त्यांनी त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीनं बोलला, स्वतःला मोठ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणवला. त्याने एक ॲप घ्यायला लावलं आणि त्यातून कॉम्प्युटरचा ताबा घेतला. मग लाल-पिवळ्या खुणांची एक लांबलचक यादी उघडून दाखवली: "बघा सर, किती बिघाड!" ती यादी म्हणजे विंडोजची नेहमीची नोंदवही असते. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही तिच्यात अशा खुणा असतातच. पण हे सरांना कसं कळणार? "पाच वर्षांच्या संरक्षणा"साठी त्यांनी अडतीस हजार रुपये भरले.

"आयुष्यभर मुलांना शहाणपण शिकवलं, आणि मीच असा..." एवढं बोलून ते थांबले.

मी त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. ही फसवणूक बुद्धीवर घाला घालत नाही, भीतीवर घालते. शिकलेली, हुशार माणसं तिला बळी पडतात, त्यात डॉक्टरही आले. त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. तक्रार नोंदवली. पैसे परत आले नाहीत, कारण तीन आठवडे उलटून गेले होते. पण झोप परत आली, आणि पुढच्या काही आठवड्यांत बीपीही पूर्वीच्या जागी आलं. मला गोळी वाढवावी लागली नाही.

तपासणीच नाही, तर निदान कसलं?

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. वेबसाइटचं पान तुमच्या कॉम्प्युटरची आतून तपासणी करूच शकत नाही. ब्राउझर त्याला ती मुभा देत नाही. उद्या कोणी तुमच्या फाटकाबाहेर उभं राहून "तुमच्या मूत्रपिंडात पाच खडे आहेत!" असं ओरडलं, तर तुम्ही त्याच्याकडून औषध घ्याल का? त्याने ना तुम्हाला पाहिलं, ना सोनोग्राफी केली. हा पॉपअप तसाच आहे. आधी भीती घालायची आणि मग स्वतःच औषध विकायचं, हा भोंदूंचा जुना धंदा आहे.

खरा अँटिव्हायरस असा वागत नाही. तो भोंगा वाजवत नाही, फोन करायला सांगत नाही, उलटी मोजणी लावत नाही. काही सापडलं तर ते बाजूला काढून ठेवतो आणि तसं कळवतो. मायक्रोसॉफ्टने तर स्पष्टच सांगितलं आहे की त्यांच्या बिघाडाच्या किंवा धोक्याच्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. म्हणून स्क्रीनवर फोन नंबर दिसला की समजा, रोग कॉम्प्युटरला नाही, त्या पानाला आहे.

प्रथमोपचार

• आधी आवाज बंद करा आणि दोन दीर्घ श्वास घ्या. हे मी उगाच सांगत नाही. श्वास सावकाश सोडला की नाडी उतरते आणि डोकं चालू लागतं.

• पानावरच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. "रद्द करा" किंवा फुलीचं चिन्हसुद्धा बनावट असू शकतं.

• एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे पान पूर्ण स्क्रीनवरून खाली येतं. मग आल्ट आणि एफ४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करा. तरीही हटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, तिथून ब्राउझर बंद करा.

• काहीच जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. "बंद करू नका" ही त्यांची धमकी आहे. फार तर सेव्ह न केलेलं काम जाईल.

• ब्राउझर पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं उघडू का?" असं विचारलं तर नको म्हणा. मग तुमच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

• स्क्रीनच्या कोपऱ्यात अशा सूचना सारख्या येत असतील, तर कधीतरी एखाद्या साइटला "अलाऊ" म्हटलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स शोधा आणि अनोळखी साइटची परवानगी काढून टाका. मोबाइलवरही हेच करा. "फोन साफ करणारं" ॲप मात्र घेऊ नका.

फोन केला असेल, पैसे दिले असतील तर

हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास लाखमोलाचा असतो, तसाच इथेही. लगेच इंटरनेट तोडा. बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवा. १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही ती करता येते. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. त्यांनी घ्यायला लावलेलं ॲप काढून टाका आणि ओळखीच्या तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्या. पुढे कधी "तुमचे पैसे परत मिळवून देतो" असा फोन आला, तर तो याच फसवणुकीचा दुसरा अंक समजा.

मग अँटिव्हायरस कोणता घ्यावा?

मी कुठल्या कंपनीच्या औषधाची जाहिरात करत नाही, तशी इथेही करणार नाही. निवड कशी करायची तेवढं सांगतो.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो आणि तो फुकट असतो. घरी मेल, बँक आणि बातम्या एवढाच वापर असेल, तर बहुतेकांना तो पुरतो. मात्र विंडोजचे अपडेट वेळच्या वेळी घ्यायला हवेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुना कॉम्प्युटर असेल तर घरातल्या जाणत्या माणसाशी याबद्दल बोला.

विकतच घ्यायचा असेल, तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळा नियमित चाचण्या करून निकाल सर्वांसाठी प्रसिद्ध करतात. ते बघा. किती व्हायरस पकडले एवढंच बघू नका, खोटे इशारे किती दिले हेही बघा. आमच्या तपासण्यांचंही तसंच असतं. प्रत्येकालाच आजारी ठरवणारी तपासणी काय कामाची? पहिल्या वर्षाची स्वस्त किंमत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी किती पैसे आपोआप कापले जातील ते वाचा. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस ठेवू नका. दोन डॉक्टरांनी दिलेल्या बीपीच्या गोळ्या एकत्र घेण्यासारखं ते आहे. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून कॉम्प्युटर साफ करण्याची मोफत साधनं देतं.

पण एक मर्यादा ओळखून असा. अँटिव्हायरस म्हणजे लस. फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, तसा तोही ताजा ठेवावा लागतो. आणि लस घेतली म्हणून कोणी नाल्याचं पाणी पीत नाही. तुम्ही स्वतः फोन उचलून अनोळखी माणसाला ओटीपी सांगितला, तर जगातला कुठलाही अँटिव्हायरस तुम्हाला वाचवू शकत नाही.

म्हणून आज एवढं करा. १९३० हा आकडा आणि तुमच्या बँकेचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा. तरुण मंडळींना माझी वेगळी विनंती आहे. आई, बाबा किंवा आजोबा चाचरत "अरे, माझ्याकडून जरा..." असं म्हणाले, तर "तुम्हाला कितीदा सांगितलं होतं" हे वाक्य गिळून टाका. तुमच्या ओरडण्याच्या भीतीनेच ते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यात पैसेही जातात, तब्येतही जाते. आधी १९३० लावा. मग त्यांना पाणी द्या आणि थोडा वेळ शेजारी बसा.