अगत्तीच्या किनाऱ्यावर गरी टाकून

मालवणला आजोळ असल्यामुळे मासे गरवणं आपल्याला येतं, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर तो पाऊण तासात गेला.

खरं तर आम्ही तिथे गेलो ते निळं पाणी बघायला. ह्यांना पोहायचं होतं, मला काहीच करायचं नव्हतं आणि आठ वर्षांच्या चिरंजिवांना 'बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी' हे पुस्तकातलं वाक्य खरं आहे का, ते तपासायचं होतं. अगत्तीवर ते लगेच तपासता येतं. बेट सहा-सात किलोमीटर लांब, पण रुंदी कुठेही धड एक किलोमीटर नाही. विमान उतरतं ती धावपट्टी दक्षिणेच्या चिंचोळ्या टोकावर आहे, दोन्ही खिडक्यांतून समुद्रच दिसतो. शेजारच्या बाईंनी तर डोळे मिटून घेतले होते.

मुख्य भूमीवरच्या माणसांना इथे यायला प्रवेश परवाना लागतो. तो आधीच काढावा, ऐनवेळी धावपळ नको. कोचीहून विमानाने साधारण दीड तास लागतो. जहाजाने बेटानुसार चौदा ते अठरा-वीस तास. ज्यांना बोट लागते त्यांनी विमानाचाच विचार करावा.

आम्ही उतरलो होतो त्या घरगुती निवासाच्या मालकांचे एक वयस्कर नातेवाईक रोज संध्याकाळी हातात प्लास्टिकची रिकामी बाटली घेऊन किनाऱ्याकडे जायचे. बाटलीला तंगूस गुंडाळलेला, टोकाला एक गरी आणि शिशाचा तुकडा. काठी नाही, चाक नाही. चिरंजीव त्यांच्या मागे लागले आणि 'काका, काका' करू लागले. ते हसायला लागले. मलबारकडे मोठ्या भावाला 'काक्का' म्हणतात, त्यामुळे मुलाने त्यांना एकदम भाऊच करून टाकलं होतं. मग आम्हीही त्यांना काक्काच म्हणू लागलो. बेटावरची बोली मल्याळमच्या घरातली, पण त्यांनी काही वर्षं जहाजावर काढलेली असल्यामुळे हिंदी कामापुरती होती.

पहिल्या संध्याकाळी मी मालवणी थाटात गरी भिरकावली. ती थेट प्रवाळात अडकली. ओढली, तुटली. दुसरी बांधली, तीही तुटली. आपल्याकडे तळाशी वाळू नाहीतर चिखल असतो, इथे तळाशी दगडासारखा जिवंत प्रवाळ. काक्कांनी मला हाताने दाखवलं: खडकावर नाही, दोन खडकांच्या मधल्या पांढऱ्या वाळूच्या पट्टीत टाकायची आणि शिसं तळाला लागलं की वीतभर वर उचलून धरायची. आमिषाला ते कुप्प्याच्या मांसाची पट्टी लावत, आणि कातडी तशीच ठेवत, म्हणजे मासे ते पटकन ओरबाडून नेत नाहीत. दोरी बोटाला कधीही गुंडाळायची नाही, तर्जनीवरून नुसती सोडायची. मासा टोचा मारतो तो त्या बोटाला कळतो. पहिल्यांदा कळला तेव्हा मी किंचाळले, मासा गेला, आणि घरात ही नक्कल अजून चालू आहे.

वेळ भरती चढायला लागल्यावरची. मुंबईची भरती तीन-चार मीटर चढते. इथे जेमतेम मीटर-सव्वा मीटर. पण तेवढ्यानेही पश्चिमेच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या त्या उथळ, हिरव्या पाण्यात, मासे किनाऱ्यापर्यंत येतात.

दुसऱ्या संध्याकाळी आमचं नशीब उघडलं. चिरंजिवांना अंगभर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला वीतभर हेकरू लागला. मग ह्यांना एक, मला दोन, पुन्हा मुलाला. काळोख पडेपर्यंत बादलीत सात झाले. फोटो काढले. मी बादली घेऊन मोठ्या ऐटीत काक्कांसमोर गेले.

त्यांनी आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही किती जण?"

"तीन."

"मग सात कशाला?"

रागावलेले नव्हते. बाजारात एखादा नुसतं विचारतो तसं विचारलं. मला उत्तर सुचेना. निवासावर रात्रीचं जेवण तयारच होतं, म्हणजे खरं उत्तर 'एकही कशाला' असं होतं. त्यातले चार माशांचे तुकडे त्यांच्या घरी गेले, तीन आम्ही खोबरेल तेलात तळून घेतले. काटे फार आणि मांस कमी. मुलाने अर्धा खाल्ला.

त्या रात्री काक्का ओट्यावर बसून जे बोलले, ते मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडलं नव्हतं. या बेटांचं पोट चालतं ते बाहेरच्या खोल समुद्रातल्या कुप्प्यावर. मिनिकॉय बेटावरची ही जुनी विद्या: लगूनमधून बोटभर मासोळ्या जिवंत पकडायच्या, बोटीत वाहत्या पाण्यात जपायच्या, कुप्प्यांचा थवा दिसला की त्या पाण्यात उधळायच्या आणि काठीला बांधलेल्या बिनआकड्याच्या गरीने एकेक मासा उचलून बोटीत टाकायचा. १९६०च्या दशकात यांत्रिक बोटी आल्या आणि ही पद्धत इतर बेटांवर पसरली. त्यामुळे लगूनमधल्या प्रवाळमाशांवरचा भार कमी झाला. पण पावसाळ्यात बाहेरचा समुद्र बंद होतो. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा घरात असतं ते उकडून, धुरावून, वाळवून दगडासारखं केलेलं 'मास', आणि दारातलं हे लगून. म्हणजे मी ज्यात हौसेने हात घालत होते, ती या लोकांची पावसाळ्याची कोठी होती.

त्या कोठीला आधीच उंदीर लागले आहेत. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. हे बेटच प्रवाळाचं. कडा झिजला तर लाटा थेट घराच्या दारात येणार. शिवाय अलीकडच्या वर्षांत प्रवाळावरच्या माशांना बाहेर भाव मिळू लागलाय, आणि पर्यटकांच्या ताटातही तेच हवे असतात. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांनी सागरी गवताची कुरणं खाऊन विरळ केली, म्हणून काही मच्छीमार कासवांवरही चिडून आहेत. कासवाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण ज्याची कोठी रिकामी होते त्याची चिडही मला समजते.

तिसऱ्या दिवसापासून आमचा हिशेब बदलला: जेवणात सांगितला असेल तेवढाच मासा, बाकीचे पाण्यात. गरीचा आकडा ह्यांनी पक्कडीने दाबून टाकला, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. हात ओले करून धरायचा, एवढंच. सकाळी मात्र आम्ही काचेचा मुखवटा लावून नुसते बघायला जायचो. पोपट मासा चोचीने प्रवाळ खरवडतो, त्याचा आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. तो खरवडलेला चुरा वाळू होऊन त्याच्या पोटातून बाहेर पडतो. ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर आपण फोटो काढतो तिच्यात त्या वाळूचा मोठा वाटा आहे, हे कळल्यापासून चिरंजिवांनी किल्ला बांधणं सोडलं, असं नाही; उलट दुप्पट उत्साहाने बांधला.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे हा काळ बरा. जाड तळव्याची पाण्यातली चप्पल हवीच. प्रवाळाने कापलेला पाय लवकर भरत नाही, आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा कधीकधी उथळात असतो. अनोळखी मासा, विशेषतः अंग फुगवणारा, खाण्याचा मोह नको. प्रवाळाचा तुकडा बॅगेत घालू नका, कायद्याने बंदी आहे. आणि ज्यांच्या दारात गरी टाकायची, त्यांना आधी विचारा.

शेवटच्या संध्याकाळी काहीच लागलं नाही. काक्कांच्या घरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला 'मास'चा एक तुकडा आला, किसून खोबऱ्याबरोबर खायचा, असं त्यांच्या सूनबाईंनी खुणेने दाखवलं. तो मी ह्यांच्या पोहण्याच्या टॉवेलात गुंडाळून आणला. तुकडा संपून महिना झाला. टॉवेल तीनदा धुतलाय, तरी पावसाळी हवा पडली की कपाटातून अगत्तीचा वास येतो.