आमची फॉन्टची फ्लॉपी

'जुगाड' या शब्दाचे आजकाल फार कौतुक चालते. आम्हाला तो खटकतो. साधनसंपन्नांच्या पोरांनी डोके लढवले की संशोधन, आणि वस्तीतल्या पोरांनी लढवले की जुगाड! ही वाटणी कोणी केली?

साधारण २००४ साली आम्ही नांदेडच्या आमच्या वस्तीत वर्गणी करून एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला आणि एका मित्राच्या घरी ठेवला. पेंटियम, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८. कधी पडदा काळाच राहायचा आणि आतून बीप-बीप आवाज यायचा. मग झाकण उघडून रॅमची पट्टी काढायची, तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबरने घासायचे आणि पट्टी पुन्हा बसवायची. मळ निघाला की संपर्क जुळतो, एवढेच त्यातले शास्त्र. बहुतेक वेळा यंत्र चालू व्हायचे. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असल्याने तारीख रोज मागे जायची. त्यामुळे काही मुदतीची सॉफ्टवेअर संपतच नसत, ही आमची फुकटची कमाई!

खरी कसोटी मराठीची होती. १४ एप्रिलची पत्रके, नामांतर लढ्यात १९७८ साली मारले गेलेल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंवरचा मजकूर, सगळे आम्ही कृतिदेवमध्ये टाइप करायचो. लातूरला शिकणारा मित्र ते तिथल्या कॅफेत उघडायचा, तर पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा. म्हणून त्याच फ्लॉपीत फॉन्टची फाइलही पाठवायची. कॅफेवाला फॉन्ट टाकू देत नसेल, तर पडद्याचे चित्र घेऊन पेंटमध्ये चिकटवायचे. ८०० बाय ६०० चे रंगीत चित्र एकटेच १.४४ एमबीची फ्लॉपी जवळजवळ भरून टाकायचे. तेच 'मोनोक्रोम' म्हणून जतन केले की साठेक केबीत बसायचे. पत्रक काळे-पांढरेच छापायचे होते, मग रंग हवा कशाला?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या छापखान्यातून आपले म्हणणे नीट बाहेर येत नाही हे त्यांना ठाऊक होते. आमचा छापखाना त्या डब्यात होता.

आज त्या फायली फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्या, तर 'जय भीम'च्या जागी टी, सेमीकोलन, एच, के, एच, ई असे दिसते. 'नामांतर' शोधले तर एकही फाइल सापडत नाही. लढ्याबद्दल वस्तीने स्वतः लिहिलेला मजकूर असा डोळ्यांदेखत मुका झाला आहे. विद्यापीठातला संशोधक उद्या म्हणेल, या काळात तुमच्याकडे लिखित साधनेच नाहीत. त्याला आम्ही काय दाखवणार?

म्हणून सध्या आम्ही एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलतो आहोत. परिवर्तक मिळतात, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासावी लागते, कारण टाइपरायटरच्या पद्धतीने वेलांटी अक्षराआधी टाइप केलेली असते. मित्रांनो, तुमच्या ट्रंकेत अशा फ्लॉप्या असतील तर पावसाळ्याआधी बाहेर काढा. दमट हवेत त्यांना बुरशी लागते.