हळकुंड मोडून पाहावे

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू, माल घेताना पोत्याच्या तोंडाशी असलेल्या हळदीकडे फारसे पाहत नसत. पोत्यात खोलवर हात घालून ते एक हळकुंड काढीत, मोडीत आणि आतला रंग पाहत. पॉलिश केलेला माल बाहेरून सारखाच पिवळा दिसतो; खरे काय ते मोडल्यावर कळते. ही शिकवण घेऊन पन्नास वर्षे व्यापार केलेला मी, दोन वर्षांपूर्वी एका जुन्या घड्याळाच्या बाबतीत मात्र पोत्याचे तोंड पाहूनच सौदा करून बसलो.

अण्णांच्या हातात एक स्विस क्रोनोग्राफ असे. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखविण्याबरोबर वेळ मोजणारे घड्याळ. चावीच्या वर व खाली एकेक बटण असते. वरचे दाबले की मधला लांब काटा धावू लागतो. अण्णांच्या घड्याळाच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला किलोमीटरचे आकडे होते. वळवाच्या दिवसांत वीज चमकली की ते बटण दाबीत आणि गडगडाट ऐकू येताच काटा थांबवीत. काटा ज्या आकड्यावर असेल तितके किलोमीटर दूर वीज पडली, असे ते आम्हा मुलांना सांगत. 1972 च्या दुष्काळात ढगच आले नाहीत. शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या करण्यासाठी अण्णांनी ज्या वस्तू विकल्या, त्यांत ते घड्याळही गेले. त्याविषयी ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन विक्रीच्या एका ठिकाणी तसेच घड्याळ माझ्या दृष्टीस पडले. तीच ठेवण, तोच किलोमीटरचा पट्टा, तबकडी तर कोरी करकरीत. किंमत बत्तीस हजार. वर्णनात लिहिले होते, ‘पूर्णतः मूळ स्वरूपात’. मी एकही प्रश्न न विचारता पैसे भरले. घड्याळ आले. त्याचा चामड्याचा पट्टा काढून मी कापडी पट्टा घातला आणि पंधरा दिवस ते आनंदाने मिरविले. माल परत करण्याची सात दिवसांची मुदत त्यातच निघून गेली.

त्यानंतर एके संध्याकाळी वळीव आला. मी बटण दाबले. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंद गेले. ध्वनी एक किलोमीटर अंतर सुमारे तीन सेकंदांत कापतो; म्हणजे काटा दहाच्या आकड्यापाशी हवा होता. तो नऊच्या जवळ उभा होता. दहाचा आकडा तेहतीस सेकंदांच्या रेषेसमोर रंगविलेला होता. ज्या कारखान्याने ही तबकडी मोजमापासाठी घडविली, तो अशी चूक करणार नाही. कोणीतरी जुनी तबकडी खरवडून नव्याने रंगविली होती.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले. यंत्र लँडेरॉन 48 या जातीचे आणि खरे होते. या यंत्राची एक खूण त्यांनी मला दाखविली. वरचे बटण काटा फक्त सुरू करते. थांबविणे आणि शून्यावर आणणे ही दोन्ही कामे खालच्या बटणाची. व्हॅलजू जातीच्या बहुतेक यंत्रांत वरच्याच बटणाने काटा सुरू होतो व थांबतो, खालचे केवळ शून्यावर आणते. तेव्हा विक्रेत्याकडून बटणे दाबतानाचे चित्रीकरण मागविले, तरी आत सांगितलेलेच यंत्र आहे की नाही, याचा अंदाज घरबसल्या येतो. माझ्या घड्याळाचे काटे मात्र दुसऱ्याच घड्याळाचे होते आणि कवच इतके घासलेले होते की त्याच्या कडा बोथट झाल्या होत्या. जगभरातील संग्राहक अशा रंगविलेल्या, जोडजोड केलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हेही त्यांनीच मला सांगितले. बत्तीस हजारांपेक्षा ते नाव मला अधिक झोंबले.

त्या दिवसापासून मी हा विषय नीट अभ्यासला. जे कळले ते आपल्यासारख्या व्यापारी घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. तबकडीवर वेगाचा पट्टा असेल, तर तीस सेकंदांसमोर 120, चाळीससमोर 90 आणि पंचेचाळीससमोर 80 हे आकडे आलेच पाहिजेत. छायाचित्रावरूनही हे पडताळता येते. जुन्या तबकडीवर खाली इंग्रजी ‘टी’ अक्षरांच्या मध्ये ‘स्विस’ असे छापलेले असेल, तर तिच्यावर ट्रिशियम वापरलेले असते. त्याचा प्रभाव सुमारे बारा वर्षांत निम्मा होतो. साठ वर्षांपूर्वीची अशी तबकडी अंधारात लख्ख चमकत असेल, तर रंग नवा समजावा. त्याआधीच्या तबकड्यांवर रेडियम असू शकते. ते किरणोत्सारी असल्याने घरी झाकण उघडून खरवडू नये. यंत्राचे छायाचित्र देण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याचा माल घेऊच नये.

किमतीविषयी सांगायचे तर, मागितलेला भाव आणि तुटलेला सौदा यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना एक कोटी सत्याहत्तर लाख डॉलरना गेले. परंतु ती किंमत त्या एका घड्याळाची आणि ते वापरणाऱ्या माणसाची होती. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच घड्याळांचे भाव पाहावेत. त्यात दुरुस्तीचा खर्च धरावा, कारण क्रोनोग्राफ साध्या घड्याळाहून पुष्कळ गुंतागुंतीचा असतो आणि जुन्या यंत्रांचे भाग आता बनत नाहीत. माल परदेशातून येणार असेल, तर सीमाशुल्कही मिळवावे. एवढे करून जो आकडा येईल, तोच खरा पडता भाव.

माझे चिरंजीव हळद पूड पाकिटांतून ऑनलाइन विकतात. सर्व ऐकून ते म्हणाले, “पप्पा, एवढे मनाला लावून घेऊ नका. त्याच फोटोंसह, त्याच शब्दांत पुन्हा विकायला ठेवू. कोणीतरी घेईलच.”

खोटे सांगत नाही, एक रात्र मी त्यावर विचार केला. शब्द माझे नव्हते, मूळ विक्रेत्याचेच होते. पण ज्या घड्याळाने अण्णांनी शेतकऱ्यांचे पैसे फेडले, त्याच्या नकलेवर मी कोणा अनोळखी माणसाला बुडविणार होतो. सकाळी मी स्वतः जाहिरात लिहिली : यंत्र मूळ व चालू, तबकडी नव्याने रंगविलेली, किलोमीटरचे आकडे चुकीचे, काटे दुसऱ्या घड्याळाचे, कवच घासलेले. दहाच्या आकड्याचे छायाचित्र मुद्दाम जवळून काढले.

तीन आठवडे कोणी विचारले नाही. नंतर घड्याळदुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने यंत्राच्या भागांसाठी ते अकरा हजारांना घेतले. एकवीस हजारांचा तोटा मी माझ्या नावे लिहिला.

मध्यंतरी चिरंजीवांच्या हळदीची जाहिरात सहज पाहिली. पूर्वी पाकिटावरची पूड प्रत्यक्षाहून पिवळीधमक दिसे. आता त्या जागी नवे छायाचित्र होते, रंग आपल्या हळदीचा जसा आहे तसाच. त्याविषयी ते मला काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.