ऐंशीव्या मजल्यावरून

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी ऐंशीव्या मजल्यावरून खाली पडलो. पडलो तो आमच्याच दिवाणखान्यात, आणि आमची इमारत अवघी तीन मजल्यांची असून आम्ही पहिल्यावर राहतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचक उगाच हळहळायचे.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव बंगळूरला नोकरीला आहेत. सुट्टीत ते सहकुटुंब आले, तेव्हा नातवाने पेटीतून एक पांढरा ठोकळा बाहेर काढला. पोहण्याच्या चष्म्याला पुढून डबा जोडावा, तसे त्याचे रूप. त्याला म्हणे 'व्हीआर हेडसेट' म्हणतात.

"आजोबा, हे डोळ्यांवर चढवलं की माणूस थेट दुसऱ्या जगात जातो!"

अडुसष्टाव्या वर्षी असले वाक्य कानाला बरे वाटत नाही. पण नातवापुढे कच खाणार कोण?

दुसऱ्या जगात जायचे तर आधी या जगातले सामान हलवावे लागते. माहितीपुस्तकात लिहिले होते की, चालण्याफिरण्यासाठी दोन मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी मोकळी जागा हवी. म्हणजे साडेसहा फूट. आमचा दिवाणखाना दहा बाय बाराचा, आणि त्यात दिवाण, कपाट, दोन खुर्च्या, टीपॉय आणि हिचे शिवणयंत्र! अर्धा तास हमाली झाली. वर केलेला हात पात्यांना लागू नये म्हणून पंखा बंद केला. भिंगांतून ऊन आत शिरले तर पडदा जळतो म्हणून खिडकी लावली. हातातल्या मुठी सुटून काचेच्या कपाटावर जाऊ नयेत म्हणून त्यांचे पट्टे मनगटांत अडकवले. मग नातवाने एका मुठीने जमिनीवर न दिसणारी रेषा आखली. तिच्याजवळ गेले की डोळ्यांपुढे जाळी उभी राहते. लक्ष्मणरेषाच ती! पुस्तकात आणखी एक सूचना होती: आत दिसणाऱ्या वस्तूंवर बसू नये, त्यांना टेकूही नये, कारण त्या तिथे नसतात. मला मोठे हसू आले. इतका खुळा कोण असेल?

अर्धा किलोचा तो डबा डोक्यावर बसला आणि मी लिफ्टमध्ये उभा राहिलो. दार उघडले. समोर एक फळी, आणि फळीखाली सारे शहर! मोटारी मुंग्यांएवढ्या. पायाखाली आमचीच फरशी आहे, तिचा गारवा तळव्यांना लागतो आहे, हे मला पक्के ठाऊक होते. पण गुडघ्यांना ते कोण सांगणार? डोळ्यांनी साक्ष फिरवली की शहाणपणाचे काही चालत नाही. चार पावले गेलो, तोल गेला, आणि पडता पडता काहीतरी धरायला मी जोरात हात फेकला.

हात लागला. दुसऱ्या जगात नव्हे, याच जगात. माझी फजिती पाहायला ही चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून आली होती. माझ्या हातातली मूठ तिच्या कपाळावर बसली. चष्मा फुटला, कप फुटला, आणि भुवईच्या वर टेंगूळ आले. डोळा दोन बोटांनी वाचला.

रेषा मला अडवायला होती. मागून येणाऱ्याला अडवायला नव्हती. हिला ती दिसत नव्हती, आणि मला ही दिसत नव्हती. नातू टीव्हीवर माझी फळी पाहत होता, आणि चिरंजीव नातवाचे कौतुक. खोलीकडे पाहणारे कोणीच नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणी परदेशाहून आलेल्या एका मामांनी आम्हांला 'व्ह्यू-मास्टर' दिला होता. त्याच्या चकतीवर चौदा चित्रे, म्हणजे सात जोड्या. डाव्या डोळ्याला एक, उजव्याला जरासे निराळे. मेंदू दोन्ही जुळवतो आणि चित्राला खोली येते. चार्ल्स व्हीटस्टन याने 1838 सालीच हे दाखवून दिले होते. 1968 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड याने डोक्यावर चढवायचे असे यंत्र केले. डोके वळले की चित्रही वळे. पण त्याचा सांगाडा छताला टांगलेला असे, आणि त्याला 'डॅमोक्लिसची तलवार' असे नाव पडले. टांगती तलवार डोक्यावर दिसत असली की माणूस आपोआप जपून वागतो. व्ह्यू-मास्टरही हातात धरावा लागे. आईने हाक मारली की हात खाली यायचा, आणि पुढ्यात आपले घर हजर! आता यंत्र हलके झाले, पट्ट्याने डोक्याला घट्ट बसले, आणि घर मात्र डोळ्यांआड गेले.

सकाळी मी घरात नियम केला. एकाने डबा चढवला की दुसऱ्याने पहारा करायचा. पहारेकऱ्याने टीव्हीकडे पाहायचे नाही, मोबाइलकडे तर नाहीच, माणसाकडे पाहायचे. कोणी खोलीत येत असेल तर आधी हाक द्यायची. डोके गरगरले किंवा मळमळले की ताबडतोब थांबायचे; कारण डोळे म्हणतात 'चाललो' आणि कानातला तोल म्हणतो 'उभेच आहोत', त्या भांडणातून ती मळमळ होते. नेट लावून ती जात नाही.

चार दिवसांनी हिचा नवा चष्मा आला, आणि ती म्हणाली, "अहो, मलाही बघायचंय."

तिला फळीवर धाडण्याची छाती कोणाची? नातवाने तिला डोंगरातल्या तळ्याकाठी एका सज्जात उभे केले. पहारा माझा. हिमालय पाहायला जाऊ असे मी तिला लग्नानंतर कबूल केले होते. मग मुलाचे शिक्षण, मग घराचे हप्ते, मग तिचे गुडघे. ही एकटक पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने एक लांब श्वास घेतला आणि समोरच्या कठड्यावर टेकायला दोन्ही हात पुढे केले.

कठडा तिथे नव्हता. मी झटकन पुढे सरकून खांदा दिला. तिचे दोन्ही हात त्यावर विसावले. भार बराच होता. पण मी हललो नाही.

"किती छान आहे हो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कठडा तेवढा जुना दिसतोय!"