सोयाबीन आपलं, सॉस बाजारचा



काढणीच्या तोंडावर पाऊस गाठतो तेव्हा सोयाबीनचं काय होतं, ते होटगी भागात कुणाला सांगायला नको. ताडपत्रीखाली ढीग आठवडाभर राहिला की खालचा थर तापतो, दाणा काळपट पडतो, कुठं कुठं हिरवट-पांढरी बुरशी धरते. असा माल बघून व्यापारी तोंड फिरवतो. हमीभाव २०२५-२६ ला ५३२८ रुपये, पण त्याला १२ टक्के ओलावा आणि स्वच्छ दाणा लागतो. डागी मालाला तो आकडा फक्त वाचायलाच.

अशाच एका पोत्याकडं बघून भावकीतल्या वहिनींनी विचारलं, "भावजी, सोया सॉसला बी बुरशीच लागते म्हणं. मग हे टाकून कशाला द्यायचं? बचत गटातर्फे सॉस करून इकू की." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्धी गोष्ट त्यांची बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

खरा सोया सॉस बुरशीचाच असतो. शिजवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू साधारण निम्मे-निम्मे घ्यायचे, त्यावर एका ठराविक बुरशीचं विरजण लावायचं, दोन-तीन दिवस उबेत ठेवायचं. मग ते दाट मिठाच्या पाण्यात सहा महिने, वर्ष मुरवायचं. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. बुरशीचे विकर ती फोडतात आणि त्यातून ती मटणाच्या रश्शासारखी चव उतरते. त्या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी.

आणि आपल्या ढिगावर, भुईमुगाच्या ओल्या शेंगांवर जी हिरवट येते, त्यात तिचीच सख्खी चुलत बहीण असू शकते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ही अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, यकृतावर जाणारं. दोघींतला फरक डोळ्यानं कळत नाही. उकळून विष जात नाही, मीठ घालूनही जात नाही. पाळलेल्या बुरशीचं तपासलेलं विरजण मिळत असेल आणि हाताशी प्रयोगशाळा असेल तरच त्या वाटेला जावं. वहिनींना सरळ सांगितलं, हे पोतं सॉसला नाही, आणि म्हशीला पण नाही, कारण तेच विष रूप बदलून दुधात उतरतं. बुरशीचा थर वेगळा काढून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला, उरलेलं वाळवून, चाळून, मिळेल त्या भावाला द्या. तोटा आहे, पण मोजून होणारा आहे.

आता बाटलीकडं बघू. दुकानातली स्वस्त बाटली उलटी करून वाचा. पाणी, मीठ, साखर, कॅरामल रंग, आणि कुठंतरी "हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन" असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे तेल काढलेली पेंड आम्लात शिजवून, सोड्यानं आम्ल मारून केलेला अर्क. वर्षाचं काम काही दिवसांत. आपण क्विंटलभर सोयाबीन घालतो, त्यातून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या वर पेंड निघते. ती पेंड कोंबड्यांना जाते, गोठ्यात येते, आणि थोडी अशी गाड्यावरच्या नूडल्सवर पण येऊन पडते! मुरवलेला सॉस महाग असतो, पण घटकांत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच दिसेल. जमलं तर तो घ्या.

मिठाचा मुद्दा मोठा आहे. एका मोठ्या चमच्याभर सॉसमध्ये दोन ते अडीच ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आमच्या आप्पांना बीपीची गोळी चालू आहे, आणि नातवंडांच्या ताटातला सॉस ते चाखणारच. म्हणून घरी बाटली थेट ताटावर येत नाही, बुडवून खायचा पातळ सॉस करतो.

चार मोठे चमचे सॉस, तेवढंच पाणी, दोन चमचे लिंबाचा रस, सुपारीएवढा गूळ. गूळ आधी कोमट पाण्यात विरघळवा, नाहीतर खाली बसतो. तीन पाकळ्या लसूण ठेचून, बोटाच्या पेराएवढं आलं किसून, एक हिरवी मिरची बारीक. वरून चमचाभर तीळ खरपूस भाजून, चुरडून. चिनी लोक भाजलेल्या तिळाचं तेल घालतात. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही, त्यामुळं वासाचं काम भाजलेल्या तिळावरच सोपवायचं. दहा मिनिटं झाकून ठेवा, झालं. मीठ अजिबात घालायचं नाही.

आमच्याकडं अजून एक प्रकार चालतो. त्यातच दोन चमचे सोलापुरी शेंगा चटणी कालवायची. तेल सुटलेली, उखळात कुटलेली असेल तर सॉस दाटसर होतो आणि उकडलेल्या अंड्याला, कणसाला मस्त धरून बसतो. मग मिरची, लसूण नको, ते चटणीत असतंच. कारळ्याची चटणी पण घालून बघितली, कडवटपणा वर येतो. आप्पांना आवडली, पोरांनी वाटी सरकवली.

या सॉसला सगळ्यात चांगली जोड मात्र आपल्या रानातच आहे, ती म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा. जूनची पेरणी असेल तर गणपतीच्या आसपास शेंगेत दाणा पूर्ण भरतो, पण शेंग अजून हिरवी असते. तेव्हा तोडायच्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, दाणा बोटानं दबेपर्यंत शिजवायच्या. कच्च्या दाण्यात पचनाला अडवणारे घटक असतात, म्हणून शिजवण्यात कंजुषी नको. लवदार साल खायचं नाही, दाणा सॉसमध्ये बुडवून खायचा. जपानात यासाठी मोठ्या, गोड दाण्याचे वेगळे वाण असतात. आपल्या जेएस ३३५ चा दाणा बारीक लागतो, पण चव चांगली.

एकच बघा, त्याच दिवसांत शेंग पोखरणाऱ्या आणि पानं खाणाऱ्या अळीची फवारणी चालू असते. औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढे दिवस त्या ओळीला हात लावू नका. आम्ही बांधाकडच्या दोन ओळी घरासाठी विनाफवारणीच्या ठेवतो. अळी थोडी खाते, खाऊ दे.

वहिनींच्या गटानं आता शेंगा चटणीच्या पाकिटांचं काम हातात घेतलंय, अन्न परवान्याची नोंदणी करूनच. सॉसचं त्यांना मी एवढंच सांगितलं की घरापुरता करा, लिंबू-लसूण घातलेला फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, चटणी कालवलेला त्याच दिवशी संपवा.