काळी आणि पांढरी

नाताळच्या सुटीत विद्यार्थ्यांची एक लहानशी तुकडी घेऊन आम्ही पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगावी गेलो होतो. गाव घोड नदीच्या काठी आहे. तेथे ना किल्ला, ना राजवाडा. नदीचे संथ पाणी, काही बाभळी आणि एक मातीचे टेकाड एवढेच दृष्टीस पडते. "सर, येथे पाहण्यासारखे काय आहे?" हा एका विद्यार्थ्याचा प्रश्न अस्थानी नव्हता.

परंतु या टेकाडाच्या पोटात महाराष्ट्रातील प्राचीन शेतकऱ्यांचे एक गाव होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे उत्खनन केले. त्यावरून असे दिसते की, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे वस्ती होती. ही माणसे जव पिकवीत, गुरे पाळीत व मातीच्या चौकोनी घरांत राहत. पुरापासून रक्षण व्हावे म्हणून त्यांनी दगडमातीचा बांध घातला आणि शेतीसाठी पाट काढला. लहान मूल दगावले, तर दोन रांजणांची तोंडे जुळवून त्यांत त्याला निजवीत व राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. हे ऐकताच मुले स्तब्ध झाली. पुढे पाऊस उणावला असावा, असे पंडितांचे अनुमान आहे. मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेरीस गाव ओस पडले.

जवळच एक वृद्ध शेतकरी कांद्याला पाणी देत होते. त्यांनी फावडे खाली ठेवले, सर्वांस पाणी पाजले आणि म्हणाले, "मास्तर, ही पांढरी. माणसं राहायची ती पांढरी, अन् पिकं यायची ती काळी. काळी रुसली की पांढरी उठते, एवढंच."

मग त्यांनी मुलांस सहज विचारले, "तुमच्यात शेतकऱ्याची पोरं किती?"

कोणीही हात वर केला नाही. त्यांतील निदान सहा जणांचे वडील शेती करतात, हे आम्हांस ठाऊक होते. मुलांनी माना खाली घातल्या, आणि आमचीही मान खाली गेली. कारण "अभ्यास करा, नाही तर नांगर धरावा लागेल," हे वाक्य आम्हीच वर्गात कितीदा उच्चारले होते! आमचे स्वतःचे वडील शेतकरी होते. त्यांनी जोंधळा विकून आमची फी भरली, म्हणूनच आम्ही पदवीधर झालो. आणि त्यांच्याच हातातील नांगराचा आम्ही मुलांस धाक घालीत होतो.

आम्ही हात वर केला. क्षणभराने एक हात वर आला, मग दुसरा, मग आणखी चार. म्हाताऱ्या बाबांनी हसून प्रत्येकाच्या घरचे पीकपाणी विचारले. परतीच्या वाटेवर कांद्याचे भाव आणि विहिरींचे पाणी यांविषयी मुले जे बोलली, ते आम्हांस नवीन होते.

प्रिय विद्यार्थ्यांनो, ते वाक्य आमच्या मुखातून पुन्हा निघणार नाही. आणि पालकहो, आजवर ते आपल्या कानी गेले असेल, तर आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो.