माझं नेमकं किती?

साध्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. ताण्यातला तुटला तर मात्र चालूच राहतो. कारागिराच्या लक्षात येईपर्यंत कापडावर उभी रेघ पडत जाते आणि व्यापारी अख्ख्या ताग्याचा भाव पाडतो.

भिवंडीत काकांचे माग आहेत. त्यांच्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. स्वस्तातला कॅमेरा ताण्यावर नजर ठेवतो, धागा तुटला की प्रोग्राम मोटर बंद करतो. काका म्हणाले, “पेटंट घेऊन टाक. नाहीतर उद्या गल्लीत सगळ्यांकडे दिसेल.” म्हणून मी कायदा वाचायला घेतला.

१९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) सांगतं, की गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, अल्गोरिदम आणि कम्प्युटर प्रोग्राम ‘पर से’, म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून, शोध ठरत नाहीत. सगळा वाद त्या ‘निव्वळ’चा. पेटंट ऑफिसच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रोग्रामसोबत नवं हार्डवेअरही मागितलं. २०१७ मध्ये ती अट गेली. २०१९ मध्ये फेरिद अलानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सांगितलं, की प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम साधत असेल तर पेटंटचा मार्ग बंद नाही.

माझ्या प्रोग्राममुळे खराखुरा माग थांबतो. म्हणजे हा दरवाजा कदाचित उघडेल. खरी अडचण पुढच्या दरवाजाशी आहे: यात नवं काय?

जपानमध्ये साकिची टोयोडाचा स्वयंचलित माग १९२४ मध्येच ताण्याचा धागा तुटला की आपोआप थांबत होता. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याच्या पेटंटचे हक्क घेतले. आजही अनेक मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादी पट्टी लटकते. धागा तुटला की ती पडते आणि माग थांबतो. परीक्षक विचारणारच, पट्टीऐवजी कॅमेरा लावणं कुणाही जाणकाराला सुचलं नसतं का?

सुचलं असतं. पण कारखान्यात हवेत कापसाचे तंतू उडत असतात आणि कॅमेरा त्यांना फसतो. माझा प्रोग्राम धोट्याच्या प्रत्येक फेरीत त्याच क्षणी फोटो घेतो आणि लागोपाठचे फोटो ताडून बघतो. उडता तंतू पुढच्या फोटोत नसतो. तुटलेल्या धाग्याची जागा मात्र प्रत्येक फोटोत रिकामी दिसते. माझं असेल तर एवढंच.

मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात अर्ज केला तर तो एवढ्यावरच करेन. ‘धागा तुटला की माग थांबवा’ ही कल्पनाच वीस वर्षं कुणा एकाची झाली असती, तर गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याला परवानगी मागावी लागली असती. कलम ३(के) वाचताना पहिल्यांदा वाटलं, हे माझ्या आड येतंय. आता वाटतं, एखाद्या मोठ्या कंपनीने आधी अर्ज केला असता, तर याच कलमाने काकांचे माग सांभाळले असते.